खोलीतलं ऊन

पुण्यात डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळजवळ अकरा तासांचा असतो. टोरांटोत तो नऊ तासांच्या आत येतो, बर्लिनमध्ये पावणेआठ तासांचाही भरत नाही. त्यातही सूर्य क्षितिजालगत सरकत जातो, ढग आठवडा-आठवडा हलत नाहीत, आणि खिडकीची दुहेरी काच उरलेल्या उजेडातला थोडा स्वतःकडे ठेवते. अशा घरात पुसा ज्वाला या मिरचीच्या वाणाचं बी पेरलं तरी ते उगवतं, कारण उगवायला त्याला ऊब पुरते. पहिली दोन पानं उघडतात आणि तिथून रोप खिडकीच्या दिशेनं मान लांबवत जातं. चार-पाच दिवसांत खोड दोऱ्यासारखं होतं, रोप कलंडतं. पाणी कमी पडलं असेल असं वाटून आपण पाणी घालतो. दोन दिवसांत ते मातीलगत काळं पडून संपतं. शेतकरी याला मर लागली म्हणतात. मर बुरशीमुळे येते हे खरं, पण तिला दार उघडून देतो तो अपुरा उजेड आणि वर ओतलेलं पाणी.

घरात झाड वाढवायला बसणारा जवळपास प्रत्येक जण याच वाटेनं जातो. हाताला पाणी घालायची सवय असते, खत घालायची असते. ऊन आणि वारा घालायची सवय कुणालाच नसते, कारण अंगणात, गच्चीत, खिडकीच्या जाळीत ते न मागता यायचे. बंद खोलीत क्रम उलटा लावावा लागतो: आधी उजेड, मग हवा, त्यानंतर पाणी आणि खत सर्वांत शेवटी. हा क्रम सांभाळला की ६० सेंटिमीटर लांब-रुंद जागेत, बाहेर बर्फ असताना, दोन मिरच्यांची झाडं, एक कढीपत्ता आणि कोथिंबिरीचा एक ट्रे सुखानं नांदतात.

सामान आता सहज मिळतं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि आतून चांदीसारखं अस्तर असलेला कापडी तंबू, त्यात टांगायचा एलईडी दिवा, हवा ओढणारा पंखा. या सामानाची दुकानं उभी राहिली ती बरीचशी गांजाच्या झाडामुळे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावायला परवानगी आहे, जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली ती लागवड गुन्हाच आहे. आपल्याला हे माहीत असण्याचं कारण वेगळं. दिव्याच्या खोक्यावर, माहितीपत्रकात अठरा तास आणि बारा तास अशी वेळापत्रकं छापलेली असतात, फुलांसाठी वेगळं बटण असतं. ते झाड रात्रीची लांबी मोजून फुलतं, म्हणून ही सगळी सोय. मिरची रात्र मोजत नाही. वय झालं आणि पोट भरलेलं असलं की ती फुलते. तिला बी फुटल्यापासून शेवटच्या तोड्यापर्यंत सोळा तास उजेड आणि आठ तास अंधार एवढं एकच वेळापत्रक पुरतं. काट्यांचा साधा चोवीस तासांचा टायमर लावला की विषय संपला. दिवा रात्रंदिवस चालू ठेवला तर वाढ दुप्पट होत नाही. टोमॅटोसारख्या तिच्या भाऊबंदांची पानं सततच्या उजेडात पिवळी पडतात.

दिवा घेताना खोक्यावरचा मोठा आकडा वाचू नका. ‘१००० वॅट’ छापलेले कितीतरी दिवे प्रत्यक्षात शंभर वॅटच वीज ओढतात. भिंतीतल्या प्लगमधून खरी किती वीज जाते तो आकडा शोधा, आणि त्याच्याजवळ मायक्रोमोल प्रति जूल, म्हणजे ओढलेल्या विजेतून झाडाच्या कामाचा किती उजेड निघतो याचं माप, दिलंय का ते पाहा. अडीच किंवा त्याहून जास्त असेल तर दिवा चांगला. हिशेब सोपा आहे. शंभर वॅट गुणिले अडीच म्हणजे सेकंदाला अडीचशे मायक्रोमोल उजेड. तंबूचा तळ ०.३६ चौरस मीटर. भागाकार केला की चौरस मीटरमागे सुमारे ६९० येतात. भिंतींत आणि कोपऱ्यांत जिरणारा वजा केला तरी पाचशेच्या वर हातात राहतो. रोपाला पहिले तीन आठवडे दीडशे ते दोनशे पुरतात, वाढत्या मिरचीला तीनशे-चारशे, फळावर आल्यावर चारशे ते सहाशे. म्हणजे ६० बाय ६० च्या तंबूला खरे शंभर वॅट बरोबर बसतात, मंद करायची कळ असलेले. सोळा तासांचे दिवसाला १.६ युनिट, महिन्याचे ४८. बिलात हे आधीच धरून चालावं.

उजेड मोजायचं महागडं यंत्र नसलं तरी अडत नाही. फोनवरचं लक्स मोजणारं ॲप पांढऱ्या एलईडीखाली कामचलाऊ अंदाज देतं: आलेल्या लक्सला ६५ ने भागा. दहा हजार लक्स म्हणजे साधारण दीडशे मायक्रोमोल, सव्वीस हजार म्हणजे चारशे. तोच फोन डिसेंबरातल्या ढगाळ दुपारी खिडकीत धरून पाहा. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारी ती जागा जेमतेम हजार-दोन हजार लक्स दाखवते. माणसाचा डोळा अंधाराशी पटकन जुळवून घेतो आणि आपल्याला फसवतो, पानाला तशी सोय नाही. निळ्या-जांभळ्या दिव्यांच्या मागे लागायची गरज नाही. ३००० ते ४००० केल्विनचा (उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढरा दिवा, त्यात थोडे लाल एलईडी असले तर उत्तमच. पांढऱ्या उजेडात पानाचा खरा रंग दिसतो आणि दुखणं वेळेवर कळतं. जांभळ्या उजेडात पिवळं पान काळपट दिसतं, आणि आठवडा वाया जातो.

दिवा रोपांपासून ४५ ते ६० सेंटिमीटर वर, चाळीस टक्क्यांवर सुरू करा. रोप लांबट होत चाललं तर दिवा पाच सेंटिमीटर खाली घ्या. पानांच्या कडा वर वळून त्यांची पन्हळ झाली, किंवा शेंड्याचा रंग उडाला, तर उजेड जास्त झाला. उत्तर द्यायला झाडाला तीन-चार दिवस लागतात, म्हणून एका वेळी एकच बदल करावा.

हवेचं गणित हिवाळ्यात घराच्या हीटरपासून सुरू होतं. शून्य अंशाची बाहेरची हवा, अगदी दमट असली तरी, घरात येऊन बावीस अंशांना तापली की तिची आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्याही खाली येते. पाणी तेवढंच राहतं, हवेची पाणी धरायची ताकद चौपट होते. मिरचीला पन्नास ते सत्तर टक्के आवडते. पंचवीस टक्क्यांत पान मुळांपेक्षा भरभर पाणी सोडतं आणि जीव वाचवायला आपली छिद्रं मिटून घेतं. मग ओल्या मातीतलं झाडसुद्धा वाढत नाही. तंबूचा उपयोग इथे कळतो. त्या अर्धा घनमीटर जागेत झाडं स्वतःच ओल सोडतात आणि पंखा हळू ठेवला तर आर्द्रता पंचावन्न-साठला टिकते. चार इंची एक्झॉस्ट पंखा या तंबूला गरजेपेक्षा मोठाच असतो. तंबूतली हवा मिनिटाला एकदा बदलायला ताशी तीस-पस्तीस घनमीटर पुरतात, त्यामुळे तो सगळ्यात कमी वेगावर चालवावा. तंबूच्या खालच्या झडपा उघड्या, पंखा वर. जोडीला क्लिपने अडकवायचा एक छोटा पंखा आत, झाडांवर थेट न रोखता भिंतीकडे वळवलेला. पानं जरा हलली पाहिजेत, फडफडायला नकोत. या हलण्यानंच खोड जाड होतं. वारा न लागलेल्या झाडाच्या फांद्या फळाच्या वजनानं वाकतात.

तंबू बाहेरच्या थंड भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागे ओल धरते, काळी बुरशी येते, आणि भाड्याच्या घरात तो वेगळाच ताप होतो. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर कधीच नको, तंबूच्या बाहेर, कुंड्यांच्या उंचीच्या वर टांगलेला हवा. प्रत्येक वायर प्लगमध्ये जाण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळ आलाच तर तिथून जमिनीवर ठिबकेल. घरात तीस मिलिअँपियरचा गळती-ब्रेकर, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ, आहे ना, हे दिवा लावायच्या आधी बघावं.

आता बी. मिरचीला २६ ते २८ अंश ऊब मिळाली तर सात ते दहा दिवसांत मोड दिसतो. अठरा अंशांच्या खोलीत तीन आठवडे लागतात आणि त्यात बरंचसं कुजतं. ट्रेखाली ठेवायची गरम चटई त्यासाठी. बी अर्धा सेंटिमीटर खोल, वर प्लॅस्टिकचं झाकण. पहिला हिरवा वाकडा देठ दिसला त्याच दिवशी झाकण आणि चटई दोन्ही काढून दिवा सुरू करायचा. एक रात्र उशीर झाला तरी रोप लांबतं. लवंगी आणि ज्वाला आटोपशीर राहतात, तंबूला सोयीच्या. संकेश्वरीची उंची आणि पसारा जास्त, तिला पहिल्या वर्षी हात घालू नये.

माध्यमासाठी दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे खडे). बागेतली माती आत आणू नका. कुंडीत ती आवळून बसते आणि सोबत किडींची अंडी आणते. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. कोकणात जे काथ्याच्या कारखान्यामागे ढिगानं पडलेलं दिसतं ते इथे दाबलेल्या विटेच्या रूपात भेटतं. त्याच्या तंतूंत पोटॅशियम आणि सोडियम भरलेलं असतं. धुतलेलं नसेल तर आपण दिलेला कॅल्शियम ते स्वतः धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम झाडाकडे ढकलतं. नवी पानं वाकडी, सुरकुतलेली येतात आणि रोग समजून आपण औषधं फवारत बसतो. पुडक्यावर धुतलेलं आणि बफर केलेलं (कॅल्शियमच्या द्रावणात आधीच भिजवलेलं) असं दोन्ही लिहिलेलं पाहूनच घ्या.

कुंडी टप्प्याटप्प्यानं मोठी करा: ट्रेमधून नऊ सेंटिमीटरच्या कुंडीत, तिथून दहा लिटरच्या कापडी पिशवीत. एवढंसं रोप थेट दहा लिटरमध्ये लावलं की मुळं पोचलेली नसतात तो सगळा भाग आठवडेच्या आठवडे ओला राहतो, आणि ओल्या माध्यमात मुळांना श्वासापुरती हवा मिळत नाही. जास्त पाण्यानं झाड मरतं म्हणजे ते गुदमरतं. त्याची पानं लोंबतात, अगदी तहानलेल्या झाडासारखीच. म्हणून पानं लोंबलेली दिसली की आधी कुंडी उचला.

कुंडी उचलण्यात खरं शिक्षण आहे. पहिल्यांदा पाणी घालताना सावकाश घाला, तीन-चार वेळा थांबत, खालून निथळायला लागेपर्यंत. दहा मिनिटं निथळू द्या. मग दोन्ही हातांनी पिशवी उचला आणि तो भार मनगटांत साठवून ठेवा. स्वयंपाकघरातला काटा असेल तर आकडाच लिहून ठेवा, समजा सहा किलो. रोज एकदा उचलायची. पहिल्या दिवशी फरक कळत नाही, दुसऱ्या दिवशी जरा हलकी वाटते, आणि एका सकाळी ती हाताला अचानक वर येते. काटा चार किलो दाखवतो. एक तृतीयांश वजन उतरलं की पुन्हा पाणी. वरची माती बोटानं चाचपून हे कळत नाही, कारण वरचे दोन सेंटिमीटर पंख्यानं वाळलेले असतात आणि खाली चिखल असतो. लहान रोपाला याला पाच-सहा दिवस लागतील, फळावरच्या झाडाला एक किंवा दोन. वार ठरवून पाणी घालणाऱ्याला हे कधीच जमत नाही.

नळाचं पाणी बर्लिन, लंडनसारख्या शहरांत जड असतं. किटलीत पांढरा थर धरतो तेच कुंडीत साचतं, सामू (पीएच) वर जातो आणि लोह असूनही झाडाला मिळत नाही. या मिश्रणाला पाण्याचा सामू ५.८ ते ६.३ ठेवा. लिंबाच्या रसानं तो उतरतो, पण दोन दिवसांत पुन्हा चढतो. सामू कमी करायचं तयार द्रावण घेतलेलं बरं. सामू मोजायचं आणि ईसी, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं अशी दोन छोटी यंत्रं लागतात. दोन्ही स्वस्तातली चालतात, पण सामूच्या यंत्राला महिन्यातून एकदा प्रमाण द्रावणात बुडवून जुळवून घ्यावंच लागतं.

गांडूळखताच्या जोरावर रोप पहिले तीन-चार आठवडे काढतं. त्यानंतर गावाकडे ‘एकोणीस-एकोणीस’ म्हणतात ते १९:१९:१९ विद्राव्य खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशचे), किंवा परदेशी दुकानातलं टोमॅटोचं कुठलंही खत, लिटरला अर्धा ग्रॅम. पुढच्या पाण्याला कॅल्शियम नायट्रेट, तेही लिटरला अर्धा ग्रॅम. हे दोन्ही एकाच बाटलीत घट्ट कालवू नका. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन तळाला पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही फुकट जातात. नळाच्या पाण्यासकट वाढीच्या काळात ईसी १.२ ते १.६, फळावर १.८ ते २.२. फुलं लागायला लागली की नत्र कमी करून १३:००:४५ कडे वळावं. गर्द हिरवं, मऊ, पानांनी डवरलेलं आणि फुलं गाळणारं झाड दिसलं तर त्याला नत्र जास्त झालंय. अशा झाडाचं कौतुक वाटतं खरं, पण त्यावर मिरच्या लागत नाहीत.

कोथिंबिरीची रीत निराळी. धणा हे बी नसून फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. चपलेच्या तळाखाली किंवा लाटण्यानं हलके रगडून त्याच्या दोन डाळी करायच्या, हे आपल्याकडे शेतात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. रात्रभर भिजवा, ट्रेमध्ये दाट पेरा, सेंटिमीटरभर माध्यम वर टाका. उगवायला आठ ते बारा दिवस जातात, तेवढ्यात उकरून पाहू नका. तिला गारवा हवा, वीस अंशांच्या आसपास, म्हणून तंबूत सगळ्यात खाली, दिव्यापासून लांबच्या कोपऱ्यात. गरम जागी आणि लांब दिवसात ती लगेच फुलोऱ्यावर जाते. सोटमूळ असल्यानं उपटून दुसरीकडे लावली तरी तसंच होतं. मेथीला यातलं काही नको. डब्यातले मेथीदाणे चार दिवसांत उगवतात, महिन्याभरात जुडी हाताशी येते. अगदीच धीर नसलेल्यानं मेथीपासून सुरुवात करावी.

कढीपत्त्याचं बी वाळलं की मरतं. झाडावरून काढल्यावर काही आठवड्यांतच पेरावं लागतं, त्यामुळे पाकिटातलं जुनं बी घेऊ नये. गावाहून येताना बॅगेत रोप आणण्याचा मोह होतो, पण वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय युरोप, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा कुठेच ते चालत नाही. त्यामागे कारणही खरं आहे. लिंबू-संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही जगते. तिथल्याच रोपवाटिकेतून रोप घ्या. पंधरा अंशांखाली ते झोपतं आणि पानं गाळतं. तेव्हा ते मेलेलं नसतं. या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच काळजीपोटी लोक पाणी घालून त्याची मुळं कुजवतात. खोडाला नखानं हलकं खरवडून बघा, आत हिरवं असेल तर थांबा.

किडींमध्ये सगळ्यात घातक कोळी, म्हणजे पानाखाली राहून रस शोषणारी अगदी बारीक कीड. कोरड्या, उबदार हवेत तो आठवड्या-दीड आठवड्यात नवी पिढी काढतो. पानावर सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले की पान उलटं करून उजेडात धरा. पहिल्या दिवशी झाड बाथरूममध्ये नेऊन पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेनं धुवा. मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर नीम तेल आणि एक-दोन मिलिलिटर द्रव साबण, दिवा बंद झाल्यावर फवारा, आणि सहा-सहा दिवसांनी असं तीनदा. अंड्यांवर याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून तीनदा. बोकड्या, म्हणजे पानं आक्रसून वळणं, दिसला, तर पानं वर वळलेली असतील तेव्हा फुलकिड्यांचा संशय घ्यावा, खाली वळलेली असतील तेव्हा कोळ्याचा. कुंडीवर उडणाऱ्या बारीक काळ्या माश्या म्हणजे पाणी जास्त होतंय याची खूण. पिवळे चिकट कागद त्यांना पकडतात, पण वरचा थर वाळू दिल्याशिवाय त्या संपत नाहीत.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेल्या मिरचीला डिसेंबरच्या मध्याला फुलं येतात. मिरचीचं खोड वाढताना आपोआप दोन फांद्यांत फुटतं, त्या बेचक्यातली पहिली कळी खुडून टाका, म्हणजे जोर आधी फांद्यांना जातो. फूल पांढरं, खाली मान घातलेलं. सकाळी दिवा लागला तेव्हा आतले परागकोश निळसर, मिटलेले, गुळगुळीत असतात. दोन-तीन तासांनी पाहिलं तर ते उभे चिरलेले दिसतात आणि कडांवर फिकट पिवळी भुकटी असते. त्याच वेळी विजेच्या टूथब्रशची मागची बाजू फुलाच्या देठाला दोन सेकंद टेकवायची. बारीक धूर उडाल्यासारखा पराग सुटतो आणि मधल्या टोकावर बसतो. शेतात हे काम वारा करतो. रात्री पंधराच्या खाली किंवा दिवसा बत्तीसच्या वर पारा गेला तर फुलं देठासकट गळतात, म्हणून हीटर रात्री पूर्ण बंद करणाऱ्या घरात दिव्याचे सोळा तास रात्रीवर ढकलावेत. दिव्याची ऊब थंडीच्या वेळी कामाला येते.

फूल धरल्यापासून महिन्याभरात, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला, फोडणीपुरत्या हिरव्या मिरच्या मिळू लागतात. ओढून तोडू नका, फांद्या ठिसूळ असतात, कात्रीनं देठ कापा. दोन-तीन मिरच्या लाल करायला, बियांसाठी, ठेवायच्या. सगळ्याच ठेवल्या तर झाड नवी फुलं धरायचं थांबतं.

जर्मनीत मे महिन्याच्या ११ ते १५ तारखांना ‘आइसहायलिगन’ म्हणतात. तिथले बागवाले हे दिवस सरल्याशिवाय नाजूक रोपं बाहेर काढत नाहीत, आणि मिरचीनंही तोच मुहूर्त पाळावा. दिव्याखाली वाढलेल्या पानांनी अतिनील किरण पाहिलेले नसतात. थेट उन्हात ठेवलं तर एका दुपारी ती पांढरी होऊन करपतात. पहिल्या दिवशी बाल्कनीच्या सावलीत एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन, रात्री पुन्हा आत. आठ-दहा दिवसांनी कुंडी बाहेरच राहू द्या, आणि पाणी पुन्हा वजनावरच घाला, कारण बाहेरच्या वाऱ्यात चार किलोचा तो आकडा संध्याकाळीच गाठला जातो.